ओलं आणि वाळवलेलं

घरी ताज्या पास्त्यासाठी पीठ भिजवायला घेतलं की कुणीतरी म्हणतंच, "त्यात काय एवढं? आपल्या शेवयाच की!" कोल्हापुरात हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, गिरणीच्या रांगेत ऐकलं आहे आणि एका व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. म्हणणाऱ्याच्या मनात अभिमान असतो. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एवढ्या एका वाक्यात विषय संपवण्याला.

बाकीच्या मतांवर फार वेळ घालवायला नको. मार्को पोलोनं पास्ता चीनहून आणला, हे सांगणाऱ्यांनी एवढंच पाहावं की तो व्हेनिसला परतला 1295 साली, आणि अल-इद्रिसी या भूगोलकारानं सिसिलीत पिठाच्या वाळवलेल्या तारा बनून जहाजांनी बाहेर जातात असं 1154 मध्येच लिहून ठेवलं होतं. पास्ता म्हणजे मैदा आणि मैदा म्हणजे विष, असं म्हणणाऱ्यांनी पाकिटावरचे घटक एकदा वाचावेत.

शेवयांचं मत मात्र सोडून देता येत नाही, कारण ते अर्धं खरं आहे. आपल्या भागातला खपली गहू आणि इटलीतला पास्त्याचा कडक ड्युरम गहू हे खरोखरच जवळचे नातलग. दोघांत 28 गुणसूत्रं, तर रोजच्या चपातीच्या गव्हात 42. म्हणजे धान्याचं नातं आहे, आकाराचंही आहे. मग बिघडलं कुठं? बिघडलं ते आकाराला नको इतकं महत्त्व दिल्यानं. तार काय, पट्टी काय, शंख काय, हे हाताशी कोणतं साधन आहे त्यावर ठरतं. पदार्थ कोणत्या जातीचा, हे मात्र तो कधी खायचा आहे यावर ठरतं.

शेवया आठवून पाहा. चैत्र-वैशाखातलं ऊन, चाळून काढलेलं सपीठ, बाजेला घट्ट आवळलेलं यंत्र, एक जण दांडा फिरवतेय, दुसरी खाली हात धरून तारा झेलतेय, तिसरी काठीवर पसरतेय. आज या घरच्या, उद्या त्या घरच्या. संध्याकाळी त्या डब्यात गेल्या की वर्षभराची निश्चिंती. हे वाळवण आहे. त्याचं इटलीतलं भावंड म्हणजे नेपल्सजवळचं ग्रान्यानो, जिथं एके काळी रस्त्यावर काठ्यांवर पास्ता वाळत असे. पीठ आणि पाणी, बाकी सगळी करामत सुकवण्याची.

बोलोन्याकडचा ताजा पास्ता ही वेगळी गोष्ट. मऊ गव्हाचं पीठ, शंभर ग्रॅमला एक अंडं, लाटायचं, कापायचं, त्याच दिवशी खायचं. त्या गावानं त्याचाही अभिमान बाळगलाच: 1972 मध्ये तिथल्या व्यापारी मंडळात ताल्यातेल्ले या पट्ट्यांच्या पास्त्याची रुंदी नोंदवली गेली, शिजल्यावर आठ मिलिमीटर. पण आपल्याकडे याचं भावंड शोधायचं तर शेवयांकडे जाऊन उपयोग नाही. चकोल्यांकडे जायला हवं. कुणी त्यांना वरणफळं म्हणतं. हुलग्याच्या शेंगोळ्याही त्याच घरातल्या.

चकोल्यांचं नाव मात्र अभिमानानं कुणी घेत नाही. मला याचं कारण रुखवतात दिसतं. तिथं शेवया मांडल्या जात, मालत्या, नखुले, गव्हले मांडले जात. पाहुण्यांनी लेकीच्या घरचा हात बघावा म्हणून. चकोल्या कशा मांडणार? ताटात पडल्यावर तासाभरात त्यांचा लगदा होतो. बाहेर मुसळधार पाऊस, पंचगंगेचं पाणी चढतंय, भाजी महागलेली, मग कणकेचा एक गोळा लाटून, कातण्यानं कापून उकळत्या आमटीत सोडायचा. पाहुणा आला तर पोळ्या करायच्या, चकोल्या घरच्यांपुरत्या. म्हणून "आपल्याकडे होतंच" म्हणताना आठवतं ते दाखवण्याजोगं. रोज खाल्लेलं आठवत नाही.

हे साम्य फार ताणू नये, हेही कबूल. चकोल्या आमटीतच शिजतात आणि आमटी दाट करतात. ताल्यातेल्ले खारट पाण्यात वेगळी उकळतात. अंडंही आपल्याकडे नाही. पण भाजीचा पास्ता करताना अंड्याची गरज फारशी उरत नाही. पालक उकळत्या पाण्यात बुडवून काढला, घट्ट पिळून वाटला, की त्याचाच ओलावा पिठाला पुरतो. मी अर्धा बारीक रवा आणि अर्धा मैदा घेतो. नुसती खपली चवीला उत्तम, पण तिची कणीक ताणली की तुटते. अर्धा तास झाकून ठेवायची, पातळ लाटायची, करंजीच्या कातण्यानं पट्ट्या पाडायच्या; उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं पुरतात. बीट घातलंत तर बराचसा रंग पाण्यात जाईल, गाजराचा टिकेल. आणि पिठात पालक आहे म्हणून मुलांनी भाजी खाल्ली, असं समजू नका. चार पानांनी रंग येतो. भाजी वरून घालावीच लागते.

एका वर्गात मी पैसे भरून हे शिकायला गेलो होतो. तिथं तयार पिठाचं पाकीट आणि पाण्याचं मोजमाप हातात दिलं. दिवस जुलैचा होता. पीठ हवेनंच ओलं झालेलं, सगळ्यांच्या गोळ्याचा चिखल झाला आणि खापर आमच्या हातांवर फुटलं. आईला मी लहानपणी विचारायचो, कणकेत पाणी किती घालू? ती म्हणायची, "मावंल तेवढं." तेव्हा राग यायचा. आता वाटतं, ओल्या पदार्थाचं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांत आहे. वाळवणाला ऊन सांभाळतं, त्याला माप चालतं. ओल्याला रोज नव्यानं हात लावून बघावं लागतं.

अर्थात तो हात कुणाचा, हा प्रश्न उरतोच. वाळवणाला सगळी गल्ली यायची. चकोल्या एकटीनं लाटायच्या, तेही दिवसभराच्या कामानंतर. ताज्या पास्त्याचं कौतुक करणाऱ्या पुरुषांनी, माझ्यासकट, निदान परात तरी स्वतः पुढं ओढावी.

आणि एक. वाळलेलाच पास्ता हवा असेल तर खुशाल पाकीट आणा. ते काम कारखाना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतो. घरी केलात तर त्याच रात्री संपवा. उरलेल्या पट्ट्या पावसाळ्यात दोरीवर वाळत घालू नका, दुसऱ्या दिवशी त्यांना बुरशी येते.