रुळांनी आखलेलं कोल्हापूर

औद्योगिक रेल्वेचे अवशेष म्हटलं की नजर आधी जमिनीकडे जाते. गवतात बुडालेला रुळाचा तुकडा, कारखान्याच्या भिंतीखाली शिरणारी सायडिंग, शेडमध्ये गंजत पडलेलं बुटकं इंजिन. महाराष्ट्रात असं काही होतंही. मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्याची उसाच्या मळ्यांतून फिरणारी स्वतःची अरुंद रेल्वे होती. कोल्हापूर तर उसाचाच मुलूख. पण इथल्या शेतांत रूळ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. का लागणार नाही हे समजून घेतलं, की इथल्या खऱ्या खुणा दिसायला लागतात.

मळ्यातली रेल्वे परवडते ती एका मालकाच्या सलग जमिनीवर. कारखाना त्याचा, रान त्याचं, ऊस त्याचा. रूळ कुठून कुठे न्यायचे ते एकाच टेबलावर ठरतं. पंचगंगा-भोगावतीच्या काठचा ऊस पडला लहान लहान तुकड्यांत, भावकीच्या वाटण्यांत. तिथे रूळ टाकायचे ते कुणाच्या बांधावरून? म्हणून इथे ऊस लांब नेण्याऐवजी गुऱ्हाळच रानात आलं. ऊस गाळायचा, चुलवाणावरच्या काहिलीत रस आटवायचा, भेंडीच्या रसाने मळी वर आणून काढून टाकायची, गुळव्याच्या नजरेने पाक जोखायचा आणि रवे पाडायचे. साधारण १० टन उसाचा १ टनाच्या आसपास गूळ होतो. म्हणजे बहुतेक सगळं वजन रानातच सुटलं. उरलं ते बैलगाडीला पेलणारं, बांधून ठेवता येणारं आणि दूरच्या बाजारात विकलं जाणारं. गुऱ्हाळाकडे आपण हुरडा-रसाच्या आठवणींतून पाहतो. वाहतुकीच्या हिशेबाने पाहिलं तर कोल्हापूरच्या रेल्वेची पहिली पायरी गुऱ्हाळातच होती. रुळांपर्यंत पोचण्याआधी माल तिथे हलका होत होता.

रूळ आले १८९१मध्ये. मिरजेहून कोल्हापूरला येणारा हा सुमारे ४७ किलोमीटरचा मीटरगेज फाटा कोल्हापूर संस्थानाने बांधला आणि सदर्न मराठा रेल्वेने चालवला. पायाभरणी ३ मे १८८८ची. त्या समारंभातले शाहू महाराज तेव्हा १४ वर्षांचेही झाले नव्हते. राज्याची सूत्रं हाती यायला १८९४ साल उजाडायचं होतं. फाटा काढायचा निर्णय त्यांचा नव्हता. त्याचं करायचं काय, हे मात्र त्यांनी ठरवलं. सूत्रं हाती आल्यावर पुढच्याच वर्षी, १८९५मध्ये, स्टेशनला लागून शाहूपुरी ही व्यापारी पेठ उभी राहू लागली. संस्थानातला गूळ एका जागी यावा, तिथे त्याचे सौदे व्हावेत आणि तिथूनच तो वाघिणींत चढावा, ही त्यामागची सोय होती.

शाहूपुरीतून चालताना एक गोष्ट जाणवते. जुन्या कोल्हापुरातल्या पेठा वारांच्या आणि माणसांच्या नावांच्या, त्यांतल्या वाटा देवळाकडे, तालमीकडे, तळ्याकडे वळत जाणाऱ्या. शाहूपुरीत गल्ल्यांना आकडे आहेत: पहिली, दुसरी, तिसरी. त्या सरळ आहेत, एकमेकींना काटकोनात छेदतात. याच फाट्यावर महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरातही गल्ल्या अशाच सरळ आणि आकड्यांच्या. मला यात निव्वळ नगररचनेची हौस दिसत नाही. भरलेली गाडी पेठेत शिरावी, माल उतरावा आणि बैल मागे न वळवता पुढच्या तोंडाने बाहेर पडावी, असा तो आराखडा आहे. आज त्या गल्ल्यांत दवाखाने, लॉज आणि मोबाइलची दुकानं आहेत. पण मालगाडीची गरज ओळखून आखलेली रेघ १३० वर्षांनंतरही पुसली गेलेली नाही. गंजलेल्या इंजिनापेक्षा मला ही खूण मोलाची वाटते, कारण तिच्यात लोक अजून राहतात.

कोल्हापूरला रूळ येतात आणि संपतात. पुढे सह्याद्री, पुढे कोकण. वैभववाडीला जोडणाऱ्या मार्गाची चर्चा पुष्कळ झाली, गाडी अजून धावलेली नाही. शेवटचं स्टेशन असण्याचे तोटे आपण नेहमी ऐकतो. पण मालाच्या दृष्टीने शेवटचं स्टेशन म्हणजे अशी जागा, जिथे सगळं उतरवावंच लागतं. कोळसा, सूत, लोखंड, रॉकेल, जे आलं ते इथेच उतरलं, आणि इथून घाटाखालच्या गावांपर्यंत गाडीवाटेने गेलं. मधल्या स्टेशनला जे सहसा मिळत नाही ते असं टोकाच्या गावाला मिळतं: मालधक्का, गोदामं, अडते, हमाल, तोलणारे आणि त्यांच्या भोवतीचं सगळं व्यवहाराचं गाव.

१९७१मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी मुंबई-गुजरातकडे निघालेला गूळ पुण्यात मीटरगेजच्या वाघिणीतून उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावा लागे. मिरजेची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. कापूस आणि गळिताच्या धान्याच्या व्यापारासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे १९२७मध्ये मिरजेपर्यंत पोचली, तीही अडीच फुटी रुळांवरून. पुढे ब्रॉडगेज आल्यावर मिरजेत तीन रुंदींचे रूळ एकाच आवारात नांदले. या प्रत्येक रुंदीच्या सांध्यावर माणसाच्या पाठीवरून माल पलीकडे गेला. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर पोती आणि रवे नेणाऱ्या हमालांचे श्रम कोणत्याही पुलावर वा इमारतीवर कोरलेले नाहीत. गेजबदलानंतर ते सांधेच नाहीसे झाले. चांगलंच झालं, पण त्या कामाची साक्ष देणारं काहीच जागेवर उरलं नाही.

मूळ रूळ गेले तरी वाट बहुतेक तीच राहिली. रुकडीजवळ पंचगंगा ओलांडणारी, हातकणंगल्यावरून येणारी. कोल्हापूरच्या अलीकडचं छोटंसं स्टेशन आजही ‘गूळ मार्केट’ या नावाने वेळापत्रकात आहे. शेजारी बाजार समितीचं शाहू मार्केट यार्ड. कोल्हापूरच्या गुळाला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तो आता बहुतेक ट्रकने जातो. गूळ मार्केट स्टेशनच्या अलीकडच्या वळिवड्याची कथा वेगळी, तरी ती इथे सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० पोलिश निर्वासित तिथल्या छावणीत राहिले. इतक्या माणसांची वस्ती माळावर वसवता आली, कारण शेजारून रेल्वे जात होती. ते गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी आली आणि तिचं गांधीनगर झालं. आज कापडाच्या घाऊक व्यापारासाठी आसपासचे जिल्हे तिथे येतात. गूळ वाहणाऱ्या रुळांनी युद्धातून सुटलेली माणसंही आणली आणि कापडाची पेठही.

आता शाहू मिल, म्हणजे कोल्हापूरची कापडगिरणी. २७ सप्टेंबर १९०६ रोजी महाराजांनी तिची मुहूर्तमेढ रोवली. कोटीतीर्थ तलावाजवळचं तिचं आवार स्टेशनपासून फार लांब नाही. पण मिलवर लिहिताना आपण स्टेशनचा उल्लेखही करत नाही. कोळशाच्या खाणी इथून शेकडो मैलांवर. रेल्वेशिवाय या गावात बॉयलर पेटणं शक्य नव्हतं. रेल्वेने गूळ बाहेर नेला, पण गूळ विकून गावात कारखाना उभा राहत नाही. त्यासाठी यंत्रं आत यावी लागतात, इंधन यावं लागतं, आणि जातीने ठरवून दिलेल्या कामापलीकडचं काम शिकायला माणसं तयार व्हावी लागतात. ज्या राजाने पुढे १९१८मध्ये बलुतेदारी वतनाची बेडी तोडली, त्याने आधी गावात मजुरीची जागा उभी केली होती. हे दोन निर्णय मला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. सुताराचा मुलगा सुतारच का, या प्रश्नाचं एक उत्तर कायद्यात होतं, दुसरं मिलच्या फाटकात. आपण शाहूंना समाजसुधारक म्हणून स्मरतो ते योग्यच. पण सुधारणेला लागणारं इंधनही ते मालधक्क्यावर उतरवून घेत होते, हे स्मरत नाही.

मिलच्या भोंग्यावर शहराने पिढ्यान्‌पिढ्या दिवस मोजला. २००३मध्ये ती बंद झाली. तिथे महाराजांचं स्मारक व्हावं ही मागणी वर्षानुवर्षं आहे, आणि २०२२मध्ये स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने आवार लोकांसाठी उघडलं तेव्हा ती पुन्हा जोरात आली. स्मारक व्हायलाच हवं. मला काळजी वाटते ती त्याच्या स्वरूपाची. पुतळा, बाग, दालनं आणि मध्ये एक राखलेली चिमणी एवढंच झालं, तर मिलमध्ये नेमकं काय चालायचं हे तिथे उभं राहूनही कुणाला कळणार नाही. मुंबईच्या गिरणगावात टॉवरांच्या मधे उभ्या असलेल्या चिमण्या पाहा. खाली कोळसा कुठून यायचा, वर धूर निघताना कोण कुठल्या पाळीला उभं असायचं, हे त्या सांगू शकत नाहीत, कारण त्यांच्याभोवतीचं सगळं तोडलेलं आहे.

याउलट, वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींच्या प्रदेशाला युनेस्कोने २०२१मध्ये जागतिक वारसा ठरवलं. त्या यादीत एकटी खाण नाही: खाणी, कामगारांची गावं आणि दगड वाहणाऱ्या रेल्वेही एकत्र आहेत. त्यांपैकी टॅलिलिन ही रेल्वे तर मोडीत निघायच्या बेतात असताना १९५१पासून स्वयंसेवकांनी चालवली. कोल्हापूरला वाफेची गाडी फिरवायची गरज नाही. घ्यायचं ते एवढंच की त्यांनी वस्तूंऐवजी नातं जपलं.

आपल्याकडे ते नातं अजून चालत जाण्याइतक्या अंतरात आहे. गूळ मार्केट स्टेशनपासून यार्ड, स्टेशनचा मालधक्का, शाहूपुरीच्या गल्ल्या, शिवाजी उद्यमनगर आणि शेवटी मिल. उद्यमनगरातल्या ओतकामाच्या भट्ट्यांना लागणारं कच्चं लोखंड आणि कोकही या मुलखात पिकत नाही. उसाला पाणी देणाऱ्या इंजिनांपासून वाढलेलं ते कसब याच साखळीतलं आहे. सव्वाशे किलोमीटरच्या परिसरात या साखळीची भावंडंही आहेत. १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनशेजारच्या माळावर कारखाना थाटला आणि पुढे स्टेशनलाच कारखान्याच्या गावाचं नाव मिळालं.

स्मारकाचा आराखडा करणाऱ्यांनी मिलच्या आवाराबाहेर स्टेशनपर्यंतची ही वाटही त्यात धरावी, अशी माझी मागणी आहे. इमारती थांबतील, पण कागद आणि माणसं थांबणार नाहीत. शाहूपुरीतल्या अडत दुकानांच्या जुन्या वह्या, रेल्वे पावत्या, मिलची हजेरीबुकं वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या हाती जाण्याआधी शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मागून घ्यावीत. मिल बंद झाली तेव्हा तिशीत असलेले कामगार आज पन्नाशी ओलांडून गेलेत. मीटरगेजच्या वाघिणी भरलेले हमाल आता पंचाहत्तरीच्या घरात असतील किंवा पुढे. त्यांना मालधक्क्यावर नेऊन विचारायला हवं: रवे कुठे रचायचे, वाघीण किती वेळात भरायची, पावसात गूळ कशाने झाकायचा, आणि मजुरी कोण, कधी द्यायचं. हे काम याच वर्षी सुरू व्हावं.