परिग्रहपरिमाण आणि हिशेबाचे साधन

परिग्रहपरिमाण हे जैन गृहस्थाच्या, म्हणजे श्रावकाच्या, पाच अणुव्रतांपैकी शेवटचे व्रत. मुनी परिग्रह पूर्ण सोडतो, गृहस्थ त्याला मर्यादा घालतो. शेत, घर, सोने-चांदी, गुरे, धान्य, नोकरचाकर, कापडचोपड यांतले किती पुरे, हे त्याने आधी ठरवायचे आणि मग त्या मर्यादेत राहायचे. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे मल्लिनाथ या एकोणिसाव्या तीर्थंकरांच्या मंदिरामुळे दिगंबर जैनांचे अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्कारांशी जोडलेले तीर्थ, मानले जाते. तेथील एखाद्या श्रावकाने आपली मर्यादा सांभाळण्यासाठी वहीऐवजी मोबाइलवरचे ॲप वापरले आणि ते ॲप बंद पडले, तर व्रताचे काय होते आणि नवे साधन कोणत्या कसोटीवर निवडावे, असा प्रश्न उभा राहतो.

असे ॲप बंद पडते, हे अलीकडे दिसले आहे. अमेरिकेतले मिंट 2007 मध्ये सुरू झाले, 2009 मध्ये इंट्युइट कंपनीकडे गेले आणि मार्च 2024 मध्ये बंद झाले. वापरणाऱ्यांना कंपनीच्याच क्रेडिट कर्मा या सेवेकडे वळवण्यात आले. तेथे खर्च दिसत होता, पण दरमहा खर्चाची मर्यादा आखण्याची मिंटमधली सोय तशी नव्हती. ॲप बंद न पडता त्याचा मालकही बदलू शकतो: पुण्यात सुरू झालेले खर्चनोंदीचे ॲप वॉलनट 2018 मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतले. खर्चाची नोंद आणि कर्जाचा व्यवसाय असे एकाच छपराखाली आले.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नाही, मूर्च्छेवर, म्हणजे ‘हे माझे’ या आसक्तीवर केलेली आहे. त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, व्रत श्रावकाच्या संकल्पात असते. नोंद हा त्याचा आरसा. आरसा फुटल्याने व्रत मोडत नाही. दुसरी, नोंदीचाही मोह जडू शकतो. दहा वर्षांचे आकडे हातचे गेले म्हणून तळमळणारा माणूस पैशाबाबत संयमी असला, तरी त्या आकड्यांबाबत परिग्रहीच ठरतो.

साधन बदलण्याची रीत दिगंबर परंपरेला नवी नाही. मुनीजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढेच असते, आणि त्यांना परिग्रह न म्हणता उपकरण म्हणतात. पिच्छी झिजते, म्हणून चातुर्मासानंतर पिच्छी-परिवर्तन होते: श्रावक नवी पिच्छी अर्पण करतात आणि जुनी व्रतनियम स्वीकारणाऱ्या श्रावकाला दिली जाते. नव्या पिच्छीने जुनेच काम करायचे असते. जीवजंतूंना इजा न होता जागा झाडता आली पाहिजे, तिच्याकडून याहून अधिक अपेक्षा नसते.

हिशेबाच्या नव्या साधनाला हीच कसोटी लावता येते. खर्च झाल्यावर तो दाखवणे ही नोंद. खर्चाआधी सीमा ठरवू देणे ही व्रताची गरज. म्हणून सीमा आखण्याची सोय पहिली पाहावी. सीमेचा काळही आपल्या मिळकतीशी जुळला पाहिजे: सोयाबीन आणि हळदीवर चालणाऱ्या घरात पैसा दरमहा येत नाही, हंगामाला येतो. तेथे महिन्याच्या पगारावर बेतलेले ॲप निरुपयोगी, वर्षाचा हिशेब मांडता आला पाहिजे. नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता याव्यात, म्हणजे पुढचे साधनही बंद पडल्यास काही अडत नाही. शेवटी त्या ॲपची कमाई कशावर चालते ते पाहावे. खर्चाच्या यादीशेजारी कर्जाची आणि खरेदीची आमंत्रणे झळकत असतील, तर मर्यादा सांभाळण्यासाठी घेतलेले उपकरणच मूर्च्छा वाढवते.

या चार कसोट्यांवर पैसे मोजून घेतलेले ॲप उतरू शकते, संगणकावरचा तक्ताही उतरू शकतो. बऱ्याच घरांसाठी मात्र लाल कापडाच्या बांधणीची वही पुरेशी आहे. ती कोणी बंद करू शकत नाही, आणि सीमा तिच्या पहिल्या पानावर लिहिता येते.