गोठ्याची मागची बाजू



आगमनकाळ लागला की आपल्या आळीआळीत पुठ्ठे, काथ्या, पेंढा आणि फेव्हिकॉल यांची शोधाशोध सुरू होते. कोणाचा गोठा मोठा, कोणाची रोषणाई जास्त, परीक्षक कधी येणार, हीच चर्चा. गोठा बांधणाऱ्या मुलांबरोबर मी दरवर्षी असतो, तेव्हा या चर्चेत मीही आलोच.

गेल्या वर्षी मुलांनी ठरवले की ख्रिस्तजन्म उत्तनच्या किनाऱ्यावर दाखवायचा. गव्हाणीजवळ ओढून ठेवलेली होडी, वलांडीवर सुकणारे बोंबील, डोल जाळे. बेथलेहेमात बोंबील कुठले, असे कोणी विचारील. पण लूकच्या शुभवर्तमानात बैल आणि गाढव तरी कुठे आहेत? तेथे फक्त गव्हाण आहे. ती दोन जनावरे यशयाच्या पहिल्या अध्यायातून आपल्या गोठ्यात शिरली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गोठा उभा केला तो इटलीतल्या डोंगरात, खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून. त्या मानाने आमचे बोंबील फार दूरचे नव्हते.

माप ठरले एकास वीस. बारा मीटरची होडी साठ सेंटीमीटरची, चार सेंटीमीटर जाडीची फळी दोन मिलिमीटरची. एकदा माप ठरले की प्रत्येक वस्तू भांडायला उठते. भाताच्या पेंढ्याची तीन मिलिमीटरची काडी त्या मापात सहा सेंटीमीटरची होते, म्हणजे छपरावर पेंढा नव्हे, बांबू दिसतात. म्हणून काथ्याचे धागे सोडवून वापरले. वाळूचा दाणा खडीसारखा दिसू लागला, तेव्हा विटेचा भुगा मलमलीतून चाळला. मच्छरदाणीची जाळी डोल जाळ्याला चांगली शोभली, पण ती खाली पडेना. आकार वीसपट लहान झाला की वजन आठ हजारपट कमी होते, त्यामुळे जाळे हवेतच ताठ राहते. शेवटी फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून, टाचण्या लावून, वाळेपर्यंत ओढून ठेवले. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, ते एका अर्थी बरेच झाले. फळांच्या पेट्यांच्या फळ्या हाती आल्या आणि होडी लाकडाचीच झाली.

वाद झाला तो होडीच्या आतल्या फासळ्यांवरून. होडी भिंतीला टेकणार, वर जाळे पडणार. “अंकल, आत कोण बघणार?” मुलांचे म्हणणे चूक नव्हते. आपण अशा वेळी चटकन म्हणतो, देव बघतो. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. कोणीतरी बघतो म्हणूनच चांगले काम करायचे, तर तो परीक्षक वरचा असला काय आणि खालचा असला काय, आपण दाखवण्यासाठीच करतो. नाळेजवळच्या फासळ्या चुकल्या तर बाहेरची फळी फुगते, हे खरे. पण मधल्या फासळ्या गाळल्या असत्या तर काहीही बिघडले नसते, हेही खरे. तरी मी हट्ट धरला. जी वस्तू आपण होडी म्हणून ठेवतो ती आतूनही होडी असावी, नाहीतर होडीचे नुसते तोंड आपण लोकांपुढे ठेवतो, असे मला वाटत होते. आजही वाटते.

पण याला दुसरी बाजू आहे. फळी वाकेना म्हणून मी आमच्या आळीतल्या एका वृद्ध सुताराकडे गेलो. आयुष्यभर त्यांनी सागवानी होड्या बांधल्या. फायबरच्या होड्या आल्या, हातचे काम गेले, मग दृष्टीही गेली. त्यांनी सांगितले, पट्ट्या गरम पाण्यात भिजवा, बाटलीभोवती बांधून रात्रभर ठेवा. निघताना म्हणाले, “पुन्हा ये.” मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा पट्टी मोडली म्हणून. फासळ्यांसाठी चार रात्री जागलो, त्यातला एक तास त्यांच्याजवळ नुसते बसायला मला सापडला नाही. त्यांचे घर गोठ्यापासून चालत दोन मिनिटांवर. न दिसणाऱ्या फासळीची काळजी करणारा मी, न दिसणाऱ्या माणसाला विसरलो होतो. वेळ नव्हता असे मी म्हणू शकत नाही. वेळ होता, तो मला लाकडावर खर्च करायला अधिक आवडला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलांनीच होडी त्यांच्या खाटेपाशी नेली. त्यांनी बाहेरून हात फिरवला नाहीच, थेट आत घातला आणि एकेक फासळी बोटांनी मोजली. नाळेकडून तिसऱ्या फासळीवर थांबून म्हणाले, “ही मागे सरकली रे.” खरेच सरकली होती, आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मग ती काढून पुन्हा बसवायला रात्रीच्या मिस्सापर्यंत आमची धावपळ झाली.

आमच्या गोठ्याला बक्षीस मिळाले नाही. तीन राजांच्या सणानंतर गोठा मोडला आणि होडी मुलांनी त्यांच्या घरी नेऊन ठेवली. मुले अजून रविवारी तिकडे जातात, हल्ली त्यांच्याकडून सुकाणू बनवायला शिकत आहेत. मी गेल्या दोन महिन्यांत एकदाच गेलो.