पुजलेल्या यंत्राचे ऋण

खंडेनवमीला आपण अवजारे पुजतो. हल्ली इथल्या घरांतून संगणकालाही हळदकुंकू लागते. तोच संगणक बंद पडला, की आपले त्याच्याशी नाते संपते का?

त्याच्या हार्ड डिस्कमध्ये निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा छोटासा, पण विलक्षण ताकदीचा लोहचुंबक असतो. जगातले बरेचसे निओडिमियम चीनमधील बायान ओबोच्या खाणीतून येते. त्याच्या खनिजाबरोबर किरणोत्सर्गी थोरियमही वर येते आणि उरलेला गाळ तिथल्या लोकांच्या वाट्याला राहतो. म्हणजे दुकानात आपण पूर्ण किंमत मोजलेलीच नसते!

भंगारात यंत्राचा सरसकट चुरा केला, तर चुंबकाची भुकटी पोलादाला चिकटून भट्टीत वाया जाते. पुनर्वापरातून जगाची जेमतेम एक टक्का गरज भागते. आमच्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात मात्र एक सुंदर पद्धत विकसित झाली. हायड्रोजन शोषून चुंबक फुगतो, त्याचा आपोआप भुगा होतो, चुंबकत्वही जाते. मग तो चाळून त्यातून नवा चुंबक घडवता येतो. माझ्यातल्या डॉक्टरला यात नेत्रदान दिसते. वेळेत आणि अलगद काढले तरच उपयोग.

एका चुंबकाने काय होणार, असे मित्र विचारतात. एका रुग्णाला बरे करून साथ थांबत नाही, म्हणून आम्ही त्याला परत पाठवतो का?

कौन्सिलच्या केंद्रावर जुनी उपकरणे फुकट घेतात. फक्त मुलांचे फोटो आधी उतरवून घ्या आणि डिस्क पुसा.