एकटा तुर्क, चौथा जपानी

फिगर स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धेचा निकाल लागला की एक पीडीएफ प्रसिद्ध होते. तिला प्रोटोकॉल म्हणतात. प्रत्येक स्केटरची प्रत्येक उडी, तिची ठरलेली मूळ किंमत, तिच्यावर पंचांनी दिलेले उणे पाच ते अधिक पाच यांमधले गुण, सगळं तक्त्यात मांडलेलं असतं. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण गाळायचा, उरलेल्यांची सरासरी घ्यायची. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये पंचांचं लफडं झालं, त्यानंतर गुण देण्याची जुनी रीत मोडीत निघून ही आली. माझं पोट लॉग फाइल्स वाचण्यावर चालतं, त्यामुळे असा कागद मी चवीने वाचतो. वाचतो मात्र शेवटाकडून.

शेवटाकडून वाचलं की वेगळे देश भेटतात. जपान, अमेरिका वरच्या पानांवर राहतात आणि खालच्या पानांवर तुर्कस्तानच्या बुराक देमिरबोआसारखी नावं दिसू लागतात. १९९८चा जन्म, अनेकदा राष्ट्रीय विजेता, युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत देशाचा प्रतिनिधी. त्याच्या कारकिर्दीचा सारांश करायचा तर असा होईल: स्वतःच्या देशात पहिला, खंडात विसाच्या आसपास किंवा त्याखाली. पदकाची शक्यता त्याला स्वतःलाही कधी वाटली नसावी. तरी वर्षानुवर्षं पहाटेचा सराव, घोट्याची दुखणी, प्रशिक्षकाची फी, बुटांचा खर्च, हे सगळं चालूच.

तुर्कस्तान काही उष्ण वाळवंट नाही. पूर्वेकडच्या एर्झुरुममध्ये हाडं गोठवणारी थंडी पडते, तिथे २०११ साली जागतिक विद्यापीठांची हिवाळी स्पर्धाही झाली. पण थंडी असणं आणि रिंक असणं यांत फरक आहे, आणि रिंक असणं आणि तीन पिढ्यांचे प्रशिक्षक असणं यांत त्याहून मोठा. ऑलिम्पिकच्या फिगर स्केटिंगमध्ये तुर्कस्तान पहिल्यांदा दिसला तो २००६ साली, तूरिनमध्ये, तूबा कारादेमिर या मुलीमुळे. अंकारात जन्मलेली तूबा लहान असतानाच तिचं कुटुंब तिच्या स्केटिंगसाठी कॅनडाला गेलं होतं. ती एकविसावी आली. पुढे २०१४ आणि २०१८मध्ये आइस डान्सची एक जोडी गेली. पुरुष एकेरीत मात्र २०२२च्या बीजिंगपर्यंत एकही तुर्की नाव ऑलिम्पिकला पोचलं नाही.

(आपण हसू नये. डेहराडूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेली रिंक त्यानंतर वर्षानुवर्षं बंद पडून होती.)

आता माझा प्रश्न. जागतिक स्पर्धेत एका देशाचे एका प्रकारात जास्तीत जास्त तीन स्केटर येऊ शकतात. बाकी प्रत्येक सदस्य देशाला एक जागा असते. अट एवढीच, की पाठवलेल्या खेळाडूने आधी ठरावीक किमान तांत्रिक गुण मिळवलेले असावेत. याचा अर्थ, जपानचा चौथा स्केटर घरी बसतो आणि तुर्कस्तानचा पहिला बर्फावर उतरतो. हे दोघं समोरासमोर आले तर कोण जिंकेल, याबद्दल कुणालाच शंका नसते. बीजिंगला जपानचे तिघं दुसरे, तिसरे आणि चौथे आले. त्याआधी डिसेंबर २०२१मध्ये त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत चौथा आलेला काओ मिउरा त्या संघात नव्हता. २०२३ साली, अजून ज्युनिअर वयाचा असतानाच, त्याने फोर कॉन्टिनेंट्सचं सुवर्ण जिंकलं. तर मग, हा नियम न्याय्य आहे का?

आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं असतं: मेरिट म्हणजे मेरिट. असं छातीठोक म्हणणाऱ्यांतले बरेच जण 'होम युनिव्हर्सिटी'च्या ७० टक्क्यांत बसून आले होते. मीही त्याच ७० टक्क्यांतला. आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झाली म्हणून मिळणाऱ्या जागेला कुणी कोटा म्हणत नाही, कारण ती जवळजवळ सगळ्यांना मिळते. सामाजिक आरक्षण हा वेगळा विषय आहे, त्यामागे अन्यायाचा लांबलचक इतिहास आहे. तुर्कस्तानवर बर्फाने काही अन्याय केलेला नाही. त्यामुळे देमिरबोआच्या जागेचं समर्थन नुकसानभरपाईच्या भाषेत करता येत नाही, आणि मला ते तसं करायचंही नाही.

त्याच्या बाजूने नेहमी दोन कारणं दिली जातात, आणि दोन्ही मला लंगडी वाटतात. पहिलं, 'भाग घेणं महत्त्वाचं'. हे भाषणात छान वाटतं, पण भाग घेणंच महत्त्वाचं असेल तर ते चौथ्या जपान्यालाही तितकंच महत्त्वाचं आहे. दुसरं, 'खेळाचा प्रसार'. आज एक तुर्की मुलगा टीव्हीवर दिसेल, उद्या हजार मुलं रिंकवर येतील. येतीलही. पण मग त्या मुलाच्या सगळ्या कष्टांना जाहिरातीची किंमत दिली असं होतं. चार मिनिटांचा फ्री स्केट संपवून धापा टाकणाऱ्या माणसाला 'तू पुढच्या पिढीसाठी उपयोगी आहेस' असं सांगणं मला उर्मट वाटतं.

मला पटतं ते कारण याहून कोरडं आहे. 'जगातले सर्वोत्तम तीस' आणि 'जागतिक अजिंक्यपद' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर हवं असेल तर रँकिंगची यादी काढा, स्पर्धा भरवायची गरज नाही. यादीत पाच-सात जपानी आणि तितकेच अमेरिकन आले तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र 'जग' हा शब्द आहे, आणि त्या शब्दाची काही जबाबदारी येते. ज्या स्पर्धेत पाचच देश उतरतात तिचा विजेता त्या पाच देशांचा विजेता. जपानी सुवर्णाला जगाचं सुवर्ण करण्यात त्या एकट्या तुर्काचा वाटा आहे. तो हरतो म्हणून तर ते जगाचं ठरतं. मग ही जागा त्याच्यावर केलेली मेहेरबानी कशी?

आणि सवलत दारातच संपते. बर्फावर उतरल्यावर ट्रिपल अ‍ॅक्सलचे मूळ गुण ८.००, क्वाड टो लूपचे ९.५०, क्वाड लुट्झचे ११.५०, सगळ्यांना सारखेच. तुझ्या देशात रिंक किती, असा रकाना प्रोटोकॉलमध्ये नाही. पडलास की एक गुण वजा, विश्वविजेत्यालाही आणि तुलाही. शिवाय शॉर्ट प्रोग्रॅमनंतर पहिले चोवीसच पुढे जातात. दोन मिनिटं चाळीस सेकंद, तीन उड्या. पंचविसावा आला तर आठ महिने बसवलेला फ्री स्केट तसाच बॅगेत घालून घरी. खालच्या क्रमांकाचे स्केटर बहुधा आधीच्या गटांत उतरतात, प्रेक्षक अजून कॉफी घेऊन आपली खुर्ची शोधत असतात तेव्हा. खरी थरारक स्पर्धा मला तिथे दिसते. विसाव्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतचं अंतर कधीकधी एका उडीचं असतं. बीजिंगला मेक्सिकोचा डोनोवान कारियो बाविसावा आला. मॉलमधल्या रिंकवर सराव करून फ्री स्केटपर्यंत पोचलेला तो पहिला मेक्सिकन. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला कुठल्याच पदकविजेत्याच्या चेहऱ्यावर दिसला नाही. अर्थात पदकविजेत्यांकडे मी कमी बघतो, हेही खरं.

या नियमाला एक पळवाट आहे, आणि बाजार ती शोधणारच. मोठ्या देशातला जास्तीचा स्केटर छोट्या देशाकडून खेळतो. रशियात तयार झालेला व्लादिमिर लित्विंत्सेव बीजिंगला अझरबैजानकडून उतरला. तुर्कस्तानच्या आइस डान्स जोडीतली अलिसा अगाफोनोवा मूळची युक्रेनची, तिचा जोडीदार आल्पेर उचार तुर्की. यात मला नैतिक धक्का बसावा असं काही वाटत नाही. मी ज्या क्षेत्रात आहे तिथे निम्मे मित्र दुसऱ्या देशाच्या कंपनीसाठी कोड लिहितात. पण 'जग' या शब्दासाठी राखलेली जागा रशियन प्रशिक्षणानेच भरली, तर नियमाचं अक्षर पाळलं जातं आणि हेतू निसटतो. देमिरबोआसारख्या देशातच घडलेल्या मुलाचं विसावं-बाविसावं येणं म्हणूनच मला मोलाचं वाटतं. ते त्या रिंकचं, त्या प्रशिक्षणाचं खरं मोजमाप असतं. कमी असेल, पण उसनं नाही.

एवढं बोलून चौथा जपानी माझ्यासमोर उभा राहिला, तर त्याला सांगायला माझ्याकडे काही नाही. नियम योग्य आहे असं मी म्हणेन, आणि त्याची किंमत तो देतोय हेही मान्य करेन. योग्य नियमाची किंमत कुणालाच मोजावी लागू नये, ही अपेक्षा मला बालिश वाटते. पण ती किंमत कोण मोजतंय हे न बघताच नियमाची आरती ओवाळणं त्याहून वाईट.

शिवाय घरी राहणारा फक्त जपानमध्येच असतो असंही नाही. देमिरबोआच्याच काळात तुर्कस्तानकडे बाशार ओक्तार नावाचा आणखी एक चांगला स्केटर होता. देशाला जागा एक असेल तर दोघांतल्या एकालाच ती मिळते. दुसऱ्याला जपानी क्वाडची भीती नसते, त्याचा अडथळा शेजारच्याच लॉकरवर बूट बांधत बसलेला असतो. नियमात त्याच्यासाठी एकच वाट आहे: एकट्या गेलेल्याने पहिल्या दहांत यायचं, म्हणजे पुढच्या वर्षी देशाला दोन जागा मिळतात. तोवर एकाने बर्फावर उतरायचं आणि दुसऱ्याने घरी बसून, तो दहावा यावा म्हणून त्याच्या प्रत्येक उडीवर श्वास रोखायचा.