बर्नाबासची इंजील आणि साक्षीची अमानत

जुमाची नमाज आटोपल्यावर आमच्या तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकविणारा तरुण एक पुस्तिका घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. ‘बर्नाबासची इंजील’ असे तिचे नाव. त्याचे एक सहशिक्षक जालन्याकडील ख्रिस्ती गृहस्थ आहेत आणि मधल्या सुट्टीत दोघांची धर्मावर सलोख्याने चर्चा चालते. “मौलाना, यात हजरत ईसा (अ.) यांच्या तोंडी आपल्या प्रेषितांचे नाव स्पष्ट आले आहे. हे पुढे ठेवले की सरांना बोलायला जागाच उरणार नाही,” तो म्हणाला. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नव्हती. मन अडले ते एका प्रश्नापाशी. जे आपण सत्य मानतो त्याच्या बाजूने संशयित साक्षीदार उभा राहिला, तर त्याची साक्ष आपण घ्यावी काय?

आधी या ग्रंथाची हकीकत पाहू. बर्नाबास, ज्यांना मराठी बायबलमध्ये बर्णबा म्हटले आहे, हे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतील एक नामांकित गृहस्थ होत. त्यांच्या नावाने एखादे शुभवर्तमान असल्याचा उल्लेख पोप गेलासियस यांच्या नावावर असलेल्या जुन्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत सापडतो. पण तेथे केवळ नाव आहे, मजकुराची एक ओळही नाही. आज जो 222 प्रकरणांचा ग्रंथ आपल्या हाती आहे, त्याचे मुख्य हस्तलिखित इटालियन भाषेत असून ते 1738 पासून व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे. कागद आणि लिपी पाहून अभ्यासक ते सोळाव्या शतकाच्या अखेरीचे ठरवितात. दुसरी प्रत स्पॅनिश, आणि तीही अपुरी. या ग्रंथाचा पहिला निःसंदिग्ध उल्लेख 1634 च्या सुमारास ट्युनिसमध्ये राहणाऱ्या एका स्पॅनिश मुस्लिम लेखकाने केला आहे. त्यापूर्वीच्या सोळा शतकांत या मजकुराचा मागमूस नाही. अंदलुसचे इमाम इब्न हज्म (रह.) यांनी इंजीलांची ओळीओळीने चिकित्सा केली, इमाम इब्न तैमिया (रह.) यांनी ख्रिस्ती मतावर अनेक खंड लिहिले. हा ग्रंथ अस्तित्वात असता, तर त्या दोघांनी तो हातचा सोडला असता काय?

ग्रंथाच्या पोटातही त्याच्या काळाच्या खुणा आहेत. नासरेथ हे डोंगरातील गाव, तरी येथे हजरत ईसा (अ.) नावेतून तेथे पोहोचतात आणि खलाशी गावभर त्यांची वार्ता पसरवितात. तौरातनुसार ज्युबिलीचे वर्ष दर पन्नासावे. हा ग्रंथ मात्र ते शंभर वर्षांनी येते असे म्हणतो. शंभराचा हा हिशेब पोप बोनिफेस आठवे यांनी 1300 मध्ये घातला आणि त्याच शतकात तो पुन्हा पन्नासावर आणला गेला.

आपल्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. दिव्य कुरआन हजरत ईसा (अ.) यांना अकरा ठिकाणी ‘अल-मसीह’ म्हणतो. या ग्रंथातील ईसा (अ.) आपण मसीह असल्याचे नाकारतात आणि ते पद अंतिम प्रेषितांना देतात. सूरह मरयममध्ये प्रसूतीच्या वेदनांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरयम (अ.) खजुरीच्या बुंध्याचा आधार घेतात. येथे त्यांची प्रसूती वेदनेविना होते. कुरआन सात आकाशे सांगतो, हा ग्रंथ नऊ. जो साक्षीदार आपल्या बाजूने बोलतो असे वाटते, तोच आपल्या ग्रंथाला खोटे पाडतो, आणि हे आपल्याकडे क्वचितच कोणी वाचून पाहिले आहे.

मौलाना मौदूदी (रह.) यांनी ‘तफ्हीमुल कुरआन’मध्ये सूरह अस-सफ्फच्या सहाव्या आयतीखाली या ग्रंथाची विस्ताराने बाजू घेतली आहे, हे मी जाणतो. त्यांच्या अभ्यासापुढे मी विद्यार्थीही नाही. तरीही या एका ठिकाणी माझे मन त्यांच्यामागे जात नाही. ज्या परंपरेने आपल्याला सनद तपासायला शिकविले, तिनेच थोरांशी अदब राखून मतभेद करण्याची मुभाही दिली आहे.

मला अधिक खटकते ती आणखी एक गोष्ट. लॉन्सडेल आणि लॉरा रॅग या दांपत्याने 1907 मध्ये ऑक्सफर्डहून या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. तो उत्तरकालीन व बनावट असल्याचे त्यांनी प्रस्तावनेत पुराव्यांसह लिहिले होते. पुढे मुस्लिम जगात अनुवादाच्या ज्या आवृत्त्या निघाल्या, त्यांतील अनेकांतून ती प्रस्तावना गाळण्यात आली. मजकूर घेतला आणि त्याच्याविरुद्धची साक्ष कापून टाकली. इतरांनी आपले ग्रंथ बदलले असे म्हणणाऱ्यांच्या हातून हे घडावे!

मग हा ग्रंथ लिहिला कोणी? निश्चित उत्तर नाही. अनेक अभ्यासकांचा रोख स्पेनमधील मोरिस्को लोकांकडे आहे. हे बळाने ख्रिस्ती केलेले मुसलमान. त्यांचे अरबी ग्रंथ जाळले गेले, भाषेवर बंदी आली, आणि 1609 पासून त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. ज्यांना स्वतःच्या ग्रंथातून बोलता येईना, त्यांनी जुलूम करणाऱ्यांच्याच ग्रंथाचे रूप घेऊन तौहीद सांगितली असेल, तर त्या पानांमागचे दुःख आपण ओळखले पाहिजे. दुःखाचा दस्तऐवज म्हणून तो मोलाचा आहे. हजरत ईसा (अ.) यांच्या शिष्याची साक्ष म्हणून त्याला उभे करता येणार नाही.

बी.ए.ला मराठी घेतले तेव्हा अभ्यासात ‘क्रिस्तपुराण’ भेटले. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये रायतूर येथे त्यांचे हे ओवीबद्ध पुराण छापून निघाले. म्हणजे बर्नाबासच्या इटालियन हस्तलिखितापासून ते फार दूरच्या काळातील नव्हे. त्यातील पुत्रत्वाची कल्पना आपल्याला मुळीच मान्य नाही. पण हे कोणी रचले, कधी, कोणासाठी, हे ग्रंथकाराने उघड सांगितले. एखाद्या प्रेषिताच्या शिष्याचे नाव त्याने पांघरले नाही. ज्याच्या मताशी आपण असहमत आहोत, त्याच्याशी वाद घालता येतो, कारण तो समोर उभा असतो.

“पण चार शुभवर्तमानांना तरी कोठे सनद आहे?” असे त्या तरुणाने विचारले. प्रश्न रास्त आहे. हदीसशास्त्राच्या अर्थाने ती त्यांनाही नाही, आणि ते आपण अवश्य म्हणावे. मात्र जे माप त्यांना, तेच बर्नाबासला. एखाद्या समाजाविषयीच्या वैरामुळे न्याय सोडू नका, असे सूरह अल-माइदाची आठवी आयत बजावते. सूरह अन-निसाची 135 वी आयत तर स्वतःविरुद्ध का होईना, खरी साक्ष द्या असे सांगते.

चांगल्या हेतूने खोटे सांगण्याचा मोह आपल्या इतिहासात नवा नाही. नूह इब्न अबी मरयम यांच्याविषयी सांगितले जाते की, लोक कुरआनापासून दूर जात आहेत असे पाहून त्यांनी एकेका सूरहच्या पुण्याईच्या हदीसी रचल्या. हेतू लोकांना कुरआनाकडे वळविण्याचा! मुहद्दिसांनी त्या हेतूकडे पाहून सूट दिली नाही. त्यांच्या रिवायती नाकारल्या आणि नाव असत्य रचणाऱ्यांत नोंदविले. महापापांची गणना करताना प्रेषित (स.) टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा विषय येताच ते सावरून बसले आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले. कोणाच्या बाजूची खोटी साक्ष, असा भेद त्यांनी केला नाही.

अहमद या नावाची शुभवार्ता कुरआनात आहे. आपल्याला तेवढे पुरेसे नाही काय? नसेल, तर उणीव बर्नाबासने भरून निघणारी नाही.

“मग सरांना काय देऊ?” त्याने विचारले. मी त्याला कुरआनचा मराठी अनुवाद दिला आणि सूरह मरयमपाशी कागदाची खूण घातली. पुस्तिका त्याने माझ्याकडेच ठेवली. तिच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर मी गाळलेल्या प्रस्तावनेचा आशय शाईने लिहून ठेवला आहे.