चातकाच्या पिल्लाला वाट कोण सांगतं?

सप्टेंबर सरत आला की पुणे-सोलापूरकडच्या माळांवर पक्षी बघणाऱ्यांची लगबग सुरू होते. ओढ्याकाठी करडा धोबी शेपटी खालीवर करत फिरू लागतो, पुढे भिगवणला उजनीच्या पाण्यावर बदकं उतरतात, आणि ज्याच्या-त्याच्या वहीत हंगामातली पहिली नोंद पडते. सगळ्यांचं लक्ष येणाऱ्यांकडे असतं. निघालेला एक पाहुणा मात्र याच दिवसांत बोरी-बाभळीच्या जाळीत दिसतो. सात-आठ सातभाई कलकलाट करत पालापाचोळा उलथत असतात. त्यांच्या मागोमाग मळकट तपकिरी पाठीचं, अर्धवट तुऱ्याचं एक पिल्लू पंख थरथरवत, चोच वासून खाणं मागत हिंडतं. एखादा सातभाई वळून त्याच्या तोंडात अळी कोंबतो आणि पुन्हा कामाला लागतो.

हे पिल्लू चातकाचं.

मृगाच्या आगेमागे आफ्रिकेतून आलेली चातकाची मादी सातभाईंच्या घरट्यात त्यांच्याच अंड्यांसारखं निळं अंडं घालते आणि निघून जाते. पिल्लाला वाढवतात ते सातभाई. त्यांचा उड्डाणाचा पल्ला या झुडपातून त्या झुडपापर्यंत, आणि सारा जन्म दोन-चार शिवारांत जातो. अशा घरात वाढलेलं हे पोर पावसाळा संपल्यावर अरबी समुद्रापलीकडे आफ्रिकेत जातं. आईबापांनी त्याला वाट दाखवलेली नसते, आणि पालकांना ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.

न शिकता आलेलं ज्ञान कुठून येतं, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. गौतमांच्या न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायात, आत्म्याचं नित्यत्व सिद्ध करताना नेमका हाच मुद्दा येतो. नुकतं जन्मलेलं बाळ स्तनाकडे झेपावतं. ही ओढ सवयीतून येते, सवय अनुभवातून, आणि या जन्मात तर अनुभव झालेलाच नाही. म्हणजे तो मागच्या जन्मातला असला पाहिजे. प्रतिपक्ष विचारतो, लोखंड चुंबकाकडे जातं, त्याला कुठला पूर्वजन्म? त्यावर नैयायिकांचं उत्तर असं की लोखंड चुंबकाकडेच जातं, इतर कशाकडे नाही, म्हणजे तिथेही ठरावीक कारण आहे. बाळाच्या इच्छेलाही तसंच कारण हवं, आणि इच्छेचं कारण म्हणून आपल्या अनुभवात आठवणच दिसते.

चुंबकाचा दाखला देणाऱ्या त्या पूर्वपक्षाला दाद द्यावीशी वाटते. विसाव्या शतकात, साठच्या दशकात, जर्मनीत फ्रँकफुर्टला वोल्फगांग विल्चको यांनी युरोपीय रॉबिन पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवून भोवतीचं चुंबकीय क्षेत्र वळवलं, तेव्हा पक्ष्यांची झेपावण्याची दिशाही वळली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाण पक्ष्यांना असते, हे त्यातून पुढे आलं. तरीही पूर्वपक्ष जिंकत नाही. लोखंड बारा महिने एकाच ओढीने ओढलं जातं. पक्षी मात्र शरदात दक्षिणेला आणि वसंतात उत्तरेला, त्याच चुंबकाच्या आधाराने उलट जातो. ओढ बाहेरची नाही, आतली आहे. इथवर नैयायिकांचं म्हणणं पटतं.

पण आतलं जे काही आहे ती आठवण आहे का? डच पक्षिशास्त्रज्ञ ए. सी. पेरडेक यांचा 1958 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे निर्णायक ठरतो. शरदात हॉलंडमधून जाणाऱ्या हजारो युरोपीय मैना त्यांनी पकडल्या, पायांत कडी घातली आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. जुन्या पक्ष्यांनी चूक ओळखली. ते वायव्येकडे वळले आणि उत्तर फ्रान्स, इंग्लंडकडच्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाच्या दिशेने गेले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र हॉलंडमधून जी दिशा धरली असती तीच धरून गेली आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनमध्ये पोचली. मागच्या जन्मीची आठवण असती, तर तिला ठिकाण माहीत असतं. पिल्लांजवळ फक्त दिशा होती, आणि साधारण किती जायचं याचा अंदाज.

त्याहून बोलका प्रयोग आंद्रेआस हेल्बिग यांचा. काळ्या टोपीचे वटवटे पश्चिम जर्मनीतून नैर्ऋत्येला जातात, पूर्व ऑस्ट्रियातून आग्नेयेला. दोन्हींच्या संकरातून झालेली पिल्लं माणसांनी हाताने वाढवली, आणि शरद लागल्यावर ती मधल्या दिशेला, दक्षिणेकडे, तोंड करू लागली. आठवणींची अशी सरासरी निघत नाही. जे मिळालं ते आईकडून आणि बापाकडून, रक्तातून मिळालं.

न्यायदर्शनाचा हा युक्तिवाद म्हणून सबंध टाकून द्यावा असं नाही. या ज्ञानामागे कुणाचा तरी अनुभव हवाच, हा त्याचा आग्रह आजही खरा आहे. चुकीच्या दिशेला गेलेले पक्षी मेले, बरोबर गेलेल्यांची पिल्लं जगली, आणि हा अनुभव पिढ्यांनी भोगला. तो साठवायला एकच नित्य आत्मा लागला नाही. त्यापेक्षा बौद्धांची संतानाची कल्पना जवळची वाटते, कारण तिच्यात संस्कार एका क्षणातून पुढच्या क्षणात वाहतात आणि ते वाहून नेणारा कायमचा कुणी नसतो. अर्थात बौद्धांचा तो प्रवाह कर्माचा, वंशाचा नव्हे. हा फरक पुसून चालणार नाही. पितृपक्ष याच हंगामात येतो. पितरांच्या नावाने कावळ्याला पान वाढताना पूर्वजांकडून आपल्यात नेमकं काय उतरलं हा विचार कुणाच्या मनात आला, तर उत्तराचा एक भाग माळावरच्या त्या जाळीत खाणं मागत असतो.

पेरडेक यांच्या पिल्लांची गोष्ट स्पेनमध्ये संपली नाही. त्यांतली काही वसंतात उत्तरेकडे आपल्या जन्मप्रदेशात परतली आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा स्पेनच्या बाजूलाच सापडली. वंशाने दिलेल्या दिशेवर एका हिवाळ्याच्या स्वतःच्या अनुभवाने मात केली होती. जाळीतलं चातकाचं पोर आफ्रिकेत जिथे उतरेल ती जागा ते पहिल्यांदाच पाहील. परतलं, तर पुढच्या शरदात मात्र त्याच्याजवळ दिशेबरोबर त्या जागेची ओळखही असेल, आणि ती सर्वस्वी त्याची स्वतःची असेल.